उसातला सेंच्युरियन

माझ्या टेबलावरचं सेंच्युरियन रणगाड्याचं छोटं मॉडेल १० सप्टेंबर १९६५ चं आहे, भारत-पाक युद्धातलं. पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तर नावाचं गाव आहे, तिथल्या उसातलं. तारीख आणि जागा आधी ठरवली, रंगाची बाटली त्यानंतर उघडली. आज लिहायचंय ते या क्रमाबद्दलच. मॉडेल रंगवून झालं की त्याला वापरातलं रूप देताना, म्हणजे वेदरिंग करताना, बरेच जण दिसेल त्या कोपऱ्यात गंज चढवतात आणि उरलेल्या जागी चिखल लावतात. फोटो छान येतो. पण तो रणगाडा कुठून आला, काल पाऊस होता का, परवा कुठं उभा होता, यातलं काही त्याच्याकडे बघून कळत नाही. मला ते कळायला हवं असतं.

असल उत्तरची लढाई ८ ते १० सप्टेंबरची. आपल्या ४ माउंटन डिव्हिजननं घोड्याच्या नालासारखी मोर्चेबांधणी केली होती आणि शेतांत पाणी सोडलं होतं. पाकिस्तानचे अमेरिकन बनावटीचे पॅटन रणगाडे त्या नालात शिरले, चिखलात रुतले, आणि उसात दबा धरून बसलेल्या आपल्या रणगाड्यांनी त्यांना बाजूनं टिपलं. लेफ्टनंट कर्नल सलीम कॅलेब यांच्या ३ कॅव्हलरी या रेजिमेंटकडं सेंच्युरियन होते, डेक्कन हॉर्स या दुसऱ्या रेजिमेंटकडं शेर्मन रणगाडे. हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या तोफेनं पॅटन फोडले आणि तिथंच वीरमरण पत्करलं, ते याच लढाईत. त्यांना परमवीर चक्र मिळालं, कॅलेबना महावीर चक्र.

सप्टेंबरातला ऊस म्हणजे काय, हे कोल्हापूरच्या माणसाला वेगळं सांगायला नको. सेंच्युरियनची उंची साधारण तीन मीटर. भरलेला ऊसही तेवढाच. १/३५ च्या प्रमाणात दोन्ही साडेआठ सेंटिमीटरच्या आसपास येतात. पट्टी घेऊन हे मोजलं तेव्हा ती लढाई मला नकाशावर कळली नव्हती इतकी कळली. पन्नास टनांचं धूड आपल्या शिरोळ-कागलकडच्या एखाद्या फडात उभं राहिलं तर बांधावरून दिसणार नाही.

मग रंगाचा हिशोब आपोआप लागत जातो. लढाई युद्धाच्या ऐन सुरुवातीची. रणगाडे नेहमीच्या देखभालीतले, रेजिमेंटनं नीट रंगवून ठेवलेले. म्हणून चिलखतावर गंज जवळपास नाही. धूळ आहे, पण आधीची, मोर्च्यावर जातानाची. चिखल आहे आणि तो ताजा. म्हणजे आधी धूळ, त्यावर उसानं घासल्याच्या खुणा, शेवटी चिखल. ज्या क्रमानं घडलं त्याच क्रमानं थर द्यायचे.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत फेटलिंग विभाग, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करायचं काम, बघतो. दिवसभर समोर ओतीव माल असतो, त्यामुळं टरेट, म्हणजे तोफेचा फिरता घुमट, हा माझा सगळ्यात आवडता भाग. सेंच्युरियनचा टरेट ओतलेला, वरचं छत मात्र प्लेट वेल्ड करून बसवलेलं. पेटीतून येणारं प्लास्टिक दोन्हीकडं जवळपास सारखंच गुळगुळीत वाटतं. वाळूच्या साच्यातून निघालेल्या पोलादाचा पृष्ठभाग तसा नसतो. त्यावर बारीक खरखर असते, मधेच कुठं साचा किंचित हलल्याची लाट असते, रायझर, म्हणजे ओतकामातला जादा धातूचा खुंट, कापला त्या जागी ग्राइंडरच्या सपाट खुणा असतात. दाट प्रायमर छोट्या भागावर लावायचा आणि ओला असतानाच ताठ केसांच्या ब्रशनं उभं टोचत जायचं. वाळल्यावर बारीक पॉलिश पेपर हलक्या हातानं फिरवला की टोकं बसतात. छतावर हे करायचं नाही, ती लाटलेली प्लेट आहे. एवढा एक फरक ठेवला तरी रंगाच्या पहिल्या हाताखालून पोलाद दिसायला लागतं.

एअरब्रशचं, म्हणजे हवेच्या दाबानं रंग फवारायचं, शिक्षण मला बापट कॅम्पात मिळालं. तिथल्या कुंभार वस्तीत गणपतीचे रंग ऐन श्रावणात, भर पावसाळ्यातच मारावे लागतात, त्यामुळं दमट हवेत फवारा कसा सांभाळायचा हे त्या लोकांइतकं कुणाला माहीत नसेल. मूर्तीला हात फिरवता फिरवता एक काका मला म्हणाले, "लांबनं मारलास तर रंग वाटंतच वाळतोय बघ. मग अंगावर रेती बसल्यागत दिसतंय. आन् काम चालू करायच्या आधी टाकीतलं पाणी सोडत जा." कॉम्प्रेसरच्या टाकीत हवेतलं पाणी साठतं आणि रंगाबरोबर थेंबानं बाहेर पडतं. तेव्हापासून मी टाकी रिकामी केल्याशिवाय काम सुरू करत नाही, नळीत पाणी अडवणारा सापळा लावलाय, आणि जुलै-ऑगस्टात फक्त जोडकाम करतो. लॅकर त्या हवेत दुधाळ पडतं.

मूळ रंग गडद ऑलिव्ह हिरवा. ०.३ मिलिमीटरची सुई, पंधरा-वीस पीएसआय दाब, पातळ थर. वरच्या आडव्या पृष्ठभागांवर त्याच हिरव्यात थोडा पिवळसर बदामी मिसळून फिकट हात दिला, कारण ऊन वरून पडतं. चकचकीत वार्निश, डिकल म्हणजे चिकटवायची चिन्हं, पुन्हा वार्निश, मग सांध्यांत तपकिरी वॉश, म्हणजे अगदी पातळ रंग. इथवर सगळे सारखंच करतात, त्यावर जास्त लिहीत नाही.

ओरखड्यांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या रणगाड्यावर साडेतीन सेंटिमीटर. स्पंजानं पटापट ठिपके मारले की तळहाताएवढे रंग उडालेले खड्डे तयार होतात, आणि कुठल्याही रेजिमेंटचा दफेदार ते खपवून घेणार नाही. मी सगळ्यात बारीक ब्रश घेतो आणि जिथं माणसाचा बूट किंवा हात लागतो तिथंच जातो. चढायची जागा, झाकणांच्या कडा, अवजारांचे पट्टे. रंग काळपट तपकिरी. नारिंगी कधीच नाही. नारिंगी गंज दिसायला पाऊस आणि दुर्लक्ष दोन्ही लागतात.

बाजूच्या पातळ पत्र्यांवर, म्हणजे स्कर्टवर, उसाच्या खुणा. रणगाडा फडात शिरतो तेव्हा कांडी त्या पत्र्यांना घासत मागं जातात. धूळ पुसली जाते ती आडव्या रेघांत. पावसाचे ओघळ उभे असतात, उसाचे आडवे. धुळीचा फिकट थर वाळल्यावर थिनरमध्ये जेमतेम भिजवलेला चपटा ब्रश पुढून मागं ओढला, की खालचा हिरवा पट्ट्यापट्ट्यांनी वर येतो. टरेटच्या गालांवरही तसंच केलं, थोडं कमी. तोफेच्या बुडाशी असलेल्या कॅनव्हासवर धूळ तशीच ठेवली. कापड धूळ सोडत नाही.

ट्रॅक हा माझ्या रोजच्या कामाचाच तुकडा. सेंच्युरियनच्या ट्रॅकच्या कड्या ओतीव मँगनीज स्टीलच्या. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये शोधलेलं हे पोलाद, आणि आजही खडी क्रशरचे जबडे त्याचेच ओततात. त्याला चुंबक चिकटत नाही. मार बसेल तसं ते वरून कडक होत जातं. यार्डात पावसात पडलेला जबडा चार दिवसांत लालसर तपकिरी होतो, पण क्रशरवर चढला की घासणारा भाग आरशागत उजळतो आणि खोबणीत तो तपकिरी तसाच राहतो. ट्रॅकचंही तेच. सबंध कडीला काळपट तपकिरी हात, खोबणीत थोडा लालसर, आणि जमिनीला लागणाऱ्या उंचवट्यांवर ग्राफाइटची पूड बोटानं घासायची. आतल्या बाजूनं मात्र रबर चढवलेली चाकं धावतात, म्हणून तिथं चकाकी नको, नुसता काळसर गुळगुळीतपणा हवा. धातूची खरी चकाकी फक्त स्प्रॉकेटच्या, म्हणजे ट्रॅक ओढणाऱ्या दातेरी चाकाच्या, दातांवर. ट्रॅकला सरसकट चंदेरी मारलेली मॉडेलं बघितली की माझा जीव तुटतो.

इंजिन डेकवर तेलाचे डाग कमी ठेवले. रोल्स-रॉइसचं मीटिअर इंजिन पेट्रोलवर चालायचं. डिझेल सांडलं की तेलकट काळा डाग राहतो आणि त्यावर धूळ चिकटते. पेट्रोल धूळ धुऊन नेतं आणि उडून जातं. म्हणून टाकीच्या झाकणाभोवती काळा डाग न देता धूळ गेलेली एक हिरवी कड ठेवली.

मातीसाठी आपली माती चालत नाही. इकडं काळी नाहीतर पन्हाळ्याकडची तांबडी. पंजाबची गाळाची माती वाळली की फिकट राखाडी तपकिरी दिसते, भिजली की एकदम गडद होते. खडूसारखे सुके पेस्टल घासून पूड केली, मलमलीतून गाळली. हे गाळणं टाळू नये. अर्ध्या मिलिमीटरचा कण १/३५ मध्ये पावणेदोन सेंटिमीटरचा दगड होतो. पूड, थोडं प्लास्टर आणि मॅट वार्निश. चाकांच्या खाली आणि हलच्या, म्हणजे रणगाड्याच्या धडाच्या, पोटाला दाट, त्यात कॅमलिनच्या रॉ अंबरचा थेंब. हा तैलरंग वापरायच्या आधी तासभर पुठ्ठ्यावर ठेवतो, म्हणजे पुठ्ठा जवसाचं तेल ओढून घेतो आणि रंग चमकत नाही. सगळ्यात खालच्या, अजून ओल्या असलेल्या चिखलावर चकचकीत वार्निशचा हात. वर जाईल तसा चिखल विरळ आणि मॅट.

ऊस करायला आबा बसले. आयुष्य त्यांचं फडात गेलंय. तांब्याच्या तारेची कांडी, बटर पेपरची पानं, रुंदी जेमतेम सव्वा मिलिमीटर. मी पहिलं पान कापायच्या आधीच ते म्हणाले, "पान सरळ उभं ऱ्हात न्हाई लेका. मधनं मोडून खाली येतंय. आन् सप्टेंबरात खालची पानं वाळल्याली असत्यात, ती तशीच चिकटून ऱ्हात्यात."

"आबा, मग ट्रॅकखाली काय दाखवू?"

"पाचट आणि चेंगारल्याली कांडी. चेंगारल्यावर आतनं पांढरी दिसत्यात, हिरवी न्हाई."

ते पांढरं मी फक्त रणगाड्याच्या मागं, त्यानं नुकत्याच काढलेल्या वाटेवर टाकलंय. पुढचा ऊस उभा आहे, कारण रणगाडा अजून दबा धरून आहे.

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की याच्यासमोरचा पॅटन घ्यायचाय, एम ४८, पाण्यात रुतलेला. त्याचा सबंध हल ओतीव आहे, होडीसारखा एकसंध, म्हणजे टोचायचा प्रायमर आता वरपासून खालपर्यंत लागणार. ट्रॅकवर रबराचे पॅड असल्यामुळं ग्राफाइटची डबी बंदच राहील. शेतातल्या पाण्यासाठी रेझिन पातळ थरांनी ओतायचंय, आणि त्यातला गढूळपणा किती ठेवायचा हे आबांना विचारूनच ठरवणार आहे.