तुम्ही विचारलंत म्हणून: ‘त्यांचं दुःख त्यांनाच करून दाखवायला लावता का?’

मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसोबत मी परभणीत उत्स्फूर्त नाटकाचे खेळ घेतो, असं कळलं की माणसं आवाज खाली आणून हेच विचारतात.

नाही. उलट आमच्या वर्तुळात कुणाला काय झालंय हे कुणी विचारतच नाही.

तुम्ही म्हणता तसा प्रकार आहे, पण तो वेगळा. जेकब मोरेनो या डॉक्टरांनी १९२० च्या दशकात व्हिएन्नात बिनसंहितेचं नाटक सुरू केलं, त्यातून पुढं सायकोड्रामा आला. त्यात माणूस स्वतःच्याच आयुष्यातला प्रसंग उभा करतो. ते प्रशिक्षित माणसाचं काम. मी नाटकवाला, मी त्याला हात लावत नाही.

आमचे खेळ शिकागोच्या नाट्यशिक्षिका व्हायोला स्पोलिन यांच्या वाटेनं आलेले. त्यांच्या गुरू नीव्हा बॉइड समाजकार्यातल्या, खेळांतून माणसं जोडणाऱ्या. म्हणजे हे खेळ रंगमंचाआधी वस्तीतल्या पोरांसाठीच होते. आणि हे परदेशी खूळ आहे असं म्हणणाऱ्यांनी आपला तमाशा आठवावा. सोंगाड्याच्या हातात लिहिलेले संवाद कुठं असायचे? समोरच्यानं टाकलेला शब्द उचलायचा आणि त्यात आपला घालायचा. आमचा मुख्य नियमही तोच: ‘हो, आणि…’

आमच्यात एक गृहस्थ आहेत. गावात त्यांची ओळख एकच, ‘त्याला डोक्याची गोळी चालू आहे’. चहा घेतला नाही तरी गोळीमुळं, हसले तरी गोळीमुळं. खेळात त्यांना एसटीचा कंडक्टर केलं. एक ताई चढल्या आणि म्हणाल्या, “एक चंद्र द्या.” गृहस्थांनी बोटाला थुंकी लावून तिकीट फाडलं. “डायरेक्ट गाडी नाही बाई. जालन्याला उतरा, तिथून बदलून जा. आन् सुट्टे द्या.”

सगळे हसले, पण त्यांच्या आजाराला नाही. ते विनोदी आहेत म्हणून. आजारी माणसाला सहानुभूती पुष्कळ मिळते. त्याच्या विनोदाला दाद कोण देतं?

हे खेळ घेण्याचं दुसरं कारण अनिश्चिततेचं. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वीस मिनिटं उत्स्फूर्त खेळ खेळलेल्यांना पुढं काय होईल हे माहीत नसणं जास्त सोसलं. लिहिलेल्या संवादांवर काम केलेल्यांच्या तुलनेत. वीस मिनिटांचा परिणाम किती टिकणार, हा भाग वेगळा. आता मराठवाड्यातल्या माणसाला अनिश्चितता शिकवायची का, असं तुम्ही म्हणाल. पाऊस येईल का, सोयाबीनला भाव मिळेल का, यातच जन्म जातो. खरंय. पण तिथं अंदाज चुकला की वर्ष जातं. इथं चुकलं की सगळे टाळ्या वाजवून ओरडतात, “पुन्हा!” न धास्तावता चुकायची जागा आपल्याकडं फार कमी, घरातसुद्धा.

गोळ्या बंद होतील का, हेही लगेच विचारलं जातं. होणार नाहीत. त्या डॉक्टर ठरवतील. नसलेले आवाज ऐकू येण्याचा त्रास जोरात असेल किंवा नुकताच जिवाचं बरंवाईट करण्याचा प्रयत्न झाला असेल, तर मी खेळायला घेत नाही, आधी उपचार. रात्री-अपरात्री बोलावंसं वाटलं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, मराठीतही बोलतात. खेळताना आमच्यासोबत एक समुपदेशक असतात, आणि कुणीही हात वर करून, कारण न सांगता बाहेर बसू शकतो. काहीजण कित्येक आठवडे नुसते बाहेरच बसतात. बसू देत.

घरचे विचारतात, “आम्ही बघायला येऊ का?” बघायला नको. बघणारा बसला की खेळणारा लगेच पुन्हा पेशंट होतो. यायचंच तर चपला काढून वर्तुळात उभं राहावं लागेल. आतापर्यंत बऱ्याच नवऱ्यांनी दारातूनच विचारलंय, “किती वाजता न्यायला येऊ?”