आमची वाटचाल : एका अबोली रंगापायी

आमच्या व्यवसायाला 11 वर्षे पूर्ण झाली. गिटार दुरुस्त करणारे म्हणून सुरुवात केलेले आम्ही तिघे या काळात गिटार बनवणारे झालो आणि पुढे त्यांचे पिकअपही, म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांची कंपने विजेच्या संकेतात बदलणारे तारेच्या गुंडाळीचे भागही, स्वतःच गुंडाळू लागलो. यातला पहिला बदल आम्ही ठरवून केला होता. दुसरा मात्र एका रंगापायी घडला.

पहिली चार वर्षे फ्रेट घासणे, नट बदलणे, सैल झालेले जॅक पुन्हा डाग देऊन बसवणे यातच गेली, आणि त्याबद्दल वेगळे सांगण्यासारखे फारसे नाही. त्यानंतर आम्ही मागणीनुसार गिटार बनवू लागलो. बॉडी आणि नेक आमचे असत, पिकअप मात्र तयार विकत आणत असू. पिकअप ही आमच्या दृष्टीने बंद डबी होती : यादीतून निवडायची, चार तारा जोडायच्या आणि विसरून जायचे. रंगाचा प्रश्न कधी आलाच नाही, कारण काळा, पांढरा आणि क्रीम या तिघांपलीकडे कोणी काही मागितलेच नव्हते.

सहाव्या वर्षी एका गिटारवादक बाईंनी ऑर्डर दिली. अक्रोडाच्या गडद लाकडाची बॉडी, निकेलचे हार्डवेअर आणि वर धातूची टोपी नसलेले, म्हणजे उघडे, दोन हंबकर (गुणगुण मारण्यासाठी दोन कॉइल, म्हणजे तारेच्या गुंडाळ्या, शेजारी ठेवलेले पिकअप). आणि त्या हंबकरच्या चारही बॉबिनी, म्हणजे तार गुंडाळायच्या रिळी, अबोली रंगाच्या. नमुना म्हणून त्यांनी कापडाचा एक तुकडा आणला होता. अबोली म्हणजे गुलाबी नव्हे आणि केशरीही नव्हे. दोघांच्या मधला, किंचित विझलेला असा तो रंग. मी अंदाजपत्रकावर अगदी सहज लिहून दिले, "पिकअपचा रंग : अबोली, नमुन्याप्रमाणे." त्या एका ओळीने पुढचे सात महिने खाल्ले.

येथे थोडे खुलाशाने सांगावे लागेल, कारण त्या वेळी हा फरक माझ्याही नीट ध्यानात नव्हता. स्ट्रॅटोकास्टरच्या पद्धतीच्या सिंगल कॉइल, म्हणजे एकाच गुंडाळीच्या, पिकअपवर प्लास्टिकचे वेगळे झाकण असते. ते उचलून दुसऱ्या रंगाचे घातले की काम झाले, आतल्या तारेला हात लावावा लागत नाही. उघड्या हंबकरचे तसे नसते. जो रंग डोळ्यांना दिसतो तो बॉबिनचाच असतो, आणि त्याच बॉबिनवर केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे सुमारे 5000 वेढे घट्ट बसलेले असतात. सिंगल कॉइलचा रंग म्हणजे अंगावरचा सदरा, तर हंबकरचा रंग म्हणजे त्याची हाडे. तार गुंडाळण्यापूर्वीच रंग ठरलेला असावा लागतो, आणि आम्ही तर गुंडाळलेलेच पिकअप विकत घेणारे होतो.

पहिले दोन महिने शोधण्यात गेले. रंगीत बॉबिनी नव्या नाहीत. आयबानेझ कंपनीचे जेम 777 हे गिटारचे मॉडेल 1987 मध्ये आले तेव्हा त्याच्या भडक रंगांबरोबर डिमार्झिओ या पिकअप कंपनीचे रंगीत पिकअपही गाजले होते. पण बाजारात जे मिळते ते बहुतेक असे भडक : झगझगीत गुलाबी, पोपटी, पिवळा, निळा. मंद रंगांना गिऱ्हाईक कमी, म्हणून त्यांचा साठा कोणी करत नाही. शिवाय नावे फसवतात. लेस सेन्सर नावाच्या पिकअपना लाल, निळा, सोनेरी अशी नावे आहेत, परंतु ती आवाजाची जात सांगतात, झाकणाचा रंग नव्हे; आमच्याकडचा सर्वांत धाकटा सहकारी त्यातला एक मोठ्या आनंदाने मागवणार होता, तेवढ्यात वर्णन पुन्हा वाचले म्हणून वाचलो.

या शोधात एक जुनी हकीकत हाती लागली आणि ती मला फार आवडते. सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी हंबकर तयार केला, पेटंटसाठी अर्ज 1955 मध्ये केला आणि पेटंट 1959 मध्ये मिळाले. या पिकअपच्या बॉबिनी काळ्या असत. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस काळ्या मालाचा तुटवडा पडला, म्हणून क्रीम रंगाच्या बॉबिनी वापरल्या गेल्या, असे सांगितले जाते. वर धातूची टोपी असल्याने कारखान्यात कोणाला त्याचे सोयरसुतक नव्हते. कुठे दोन्ही बॉबिनी क्रीम, कुठे एक काळी आणि एक क्रीम. पुढे वादकांनी टोप्या काढल्या आणि आतला रंग बाहेर आला. आज ती नाइलाजाची क्रीम जोडी इतकी मौल्यवान आहे की अमेरिकेत दोन्ही बॉबिनी क्रीम असलेल्या हंबकरचा ट्रेडमार्क डिमार्झिओच्या नावावर आहे. अबोलीवर मात्र कोणाचाच हक्क नव्हता; दुर्दैवाने, कोणाकडे ती नव्हतीही.

शेवटी एका पुरवठादाराने "हुबेहूब तोच रंग" म्हणून एक जोडी पाठवली. खोके उघडले तेव्हा चारांपैकी तीन बॉबिनी सारख्या आणि चौथी चक्क मांसल गुलाबी निघाली, कारण ती दुसऱ्या खेपेतली होती. परत पाठवण्याचा पत्रव्यवहार सहा आठवडे चालला आणि त्यातून हाती काही लागले नाही. तेव्हा ठरवले की रंग आपणच द्यायचा.

आधी काळ्या बॉबिनीला रंग मारून पाहिला. बहुतेक बॉबिनी एबीएस प्लास्टिकच्या असतात आणि लॅकरच्या थिनरने एबीएस विरघळते, हे पुस्तकी ज्ञान आम्हाला होते. तरीही पहिली बॉबिन आम्ही विरघळवलीच. प्लास्टिकचा प्रायमर लावल्यावर रंग बसला आणि दिसायलाही सुरेख दिसला. कार्यशाळेतल्या गिटारवर ती दोन महिने लावून ठेवली. पिक जिथे सतत घासते त्या वरच्या कडेला रंगाचा टवका उडाला आणि खालून काळे डोकावू लागले. नव्या गिटारवर हे चालले नसते.

मग पांढऱ्या बॉबिनी गरम पाण्यात, पॉलिएस्टरच्या रंगात बुडवून पाहिल्या. असा रंग प्लास्टिकमध्ये थोडा मुरतो, त्यामुळे टवके उडत नाहीत. पण त्यासाठी पाणी उकळीच्या जवळ न्यावे लागते आणि बॉबिनचा पातळ काठ त्या उष्णतेत लहरी होतो. सपाट पट्टीवर ठेवली की कडेखालून उजेड दिसे. लहरी काठावर तार सरळ बसत नाही.

तिसरा प्रयोग धाकट्या सहकाऱ्याचा. त्याने घरच्या थ्रीडी प्रिंटरवर बॉबिनी छापून आणल्या, आणि रंग खरोखरच कापडाच्या अगदी जवळ होता. आम्ही हरखलो. त्यावर तार गुंडाळून घेतली आणि नेहमीप्रमाणे कॉइल मेणात सोडली. पिकअप मेणात बुडवतात ते तारेचे सैल वेढे जखडण्यासाठी. नाहीतर मोठ्या आवाजात ते थरथरतात आणि शिट्टी वाजू लागते. आमचे मेण, पॅराफिनमध्ये थोडे मधमाश्यांचे मेण मिसळलेले, साधारण 65 अंशांवर असते. छापलेल्या बॉबिनी पीएलए नावाच्या प्लास्टिकच्या होत्या, जे 60 अंशांच्या आसपास मऊ पडते. वीस मिनिटांनी त्याने आकडा वर उचलला तेव्हा बॉबिन केळासारखी वाकलेली होती आणि तारेच्या ताणाने तिची कंबर आत गेली होती. तिच्यावरून मेण ठिबकत होते आणि आम्ही तिघे काही न बोलता ते पाहत होतो. ती बॉबिन अजून खिळ्याला टांगलेली आहे.

धातूच्या टोप्यांना पावडर कोटिंग करण्याचाही पर्याय पाहिला. जर्मन सिल्व्हरच्या टोपीने आवाजात फार फरक पडत नाही. पितळेची टोपी मात्र वरचे सूर दाबते, कारण तिच्यात भोवरी प्रवाह, म्हणजे धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह, जास्त वाहतात. कोटिंगची भट्टी 180 ते 200 अंशांची, म्हणून टोपी आधी रंगवून मग बसवावी लागते आणि डाग देण्यासाठी कडेचा रंग खरवडावा लागतो. एवढे सर्व करून दाखवल्यावर बाई म्हणाल्या, "ही साबणाची वडी दिसते आहे." त्या चूक नव्हत्या. कोटिंगच्या जाडीने टोपीचे कोपरे गोल झाले होते आणि स्क्रूची भोके बुजत आली होती.

मार्ग निघाला तो पिकअपच्या धंद्यातून नव्हे, प्लास्टिकच्या. कोऱ्या बॉबिनी काढणाऱ्या एका साचेवाल्या कारखानदारांशी ओळख झाली. त्यांनी सांगितलेली गोष्ट साधी होती : नैसर्गिक एबीएसच्या दाण्यांत रंगाचे दाणे, ज्यांना त्या धंद्यात मास्टरबॅच म्हणतात, शेकड्याला दोन ते चार या प्रमाणात मिसळले की हवा तो रंग आरपार मिळतो. अडचण रंगाची नसतेच, यंत्र धुण्याची असते. एका रंगाकडून दुसऱ्याकडे जाताना मधला माल वाया जातो, म्हणून कारखाने फिकटाकडून गडदाकडे क्रम लावतात. "पांढऱ्यानंतर आणि लालच्या आधी तुमची अबोली घालून देतो," ते म्हणाले, "पण 500 नगांच्या खाली यंत्राला हात लावणार नाही."

पाचशे! एका गिटारला चार बॉबिनी, म्हणजे 125 गिटारींचा माल. आणि त्या वर्षी आम्ही 14 गिटारी केल्या होत्या. आमच्या हिशेब पाहणाऱ्या सहकाऱ्याने वही मिटली आणि चहा करायला निघून गेला. तरीही आम्ही होकार दिला. माझे कारण शुद्ध हट्ट हे होते, ते मी लपवत नाही.

नमुन्याच्या तीन चकत्या आल्या. कार्यशाळेतल्या एलईडीच्या दिव्याखाली दुसरी चकती कापडाशी तंतोतंत जुळत होती. खिडकीपाशी नेली तर ती करडी वाटली आणि तिसरी जुळली. कापडातला रंग आणि प्लास्टिकमधला रंग वेगवेगळ्या द्रव्यांचे असले की एका उजेडात एक दिसतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. शिवाय गडद लाकडावर ठेवताच तीच चकती एक छटा फिकी भासू लागली. आम्ही बाईंना दुपारी बोलावले, तिन्ही चकत्या अक्रोडाच्या तुकड्यावर मांडल्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडला. त्यांनी तिसरी उचलली.

साच्याचीही एक अट होती. नेकपाशी आणि ब्रिजपाशी (बॉडीवर तारा टेकतात तिथे) तारांमधले अंतर सारखे नसते, म्हणून अनेक उत्पादक दोन मापांच्या बॉबिनी करतात. या साच्यात मात्र पहिल्या ते सहाव्या पोलचे (प्रत्येक तारेखाली असणाऱ्या चुंबकीय खुंटाचे) अंतर 50 मिमी एवढेच होते. तेव्हा आम्ही तारांचा पसारा त्याच्या जवळ जाणारा ब्रिज निवडला. रंगासाठी ब्रिज बदलणारे आम्हीच पहिले असू, असे नाही. पण तसे कबूल करणारे थोडे असतील.

आता बॉबिनी होत्या आणि गुंडाळणारे कोणी नव्हते. दोन ठिकाणी विचारले. दुसऱ्याची बॉबिन घेऊन काम करायला कोणी तयार होईना, आणि त्यांचेही बरोबर होते, कारण काठ किती ताण सोसेल याची हमी कोण देणार? माझ्या भागीदाराने शिलाई यंत्राची मोटर, वेढे मोजणारा काउंटर आणि पायाने चालणारा वेग-नियंत्रक जोडून यंत्र उभे केले. 42 गेजची तार साधारण 0.063 मिमी जाडीची असते. बोटांच्या चिमटीतून ती जाते तेव्हा ती जाणवत नाही, फक्त तुटल्याचे जाणवते. पहिल्या दिवशी ती अकरा वेळा तुटली, एकदा 4800 व्या वेढ्याला. ताण जास्त झाला की काठ बाहेर फाकतो, कमी झाला की गुंडाळी फुगते आणि शेवटचे वेढे मावत नाहीत. तीन आठवड्यांनी आमच्या दोन कॉइल मिळून सुमारे 8 किलोओम दाखवू लागल्या, जे त्या जुन्या धर्तीच्या हंबकरला साजेसे आहे.

तरीही पहिली जोडी बसवली तेव्हा आवाज पातळ आणि पोकळ आला. एका बॉबिनच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या तारेची अदलाबदल झाली होती, त्यामुळे दोन्ही कॉइल एकमेकींना साथ देण्याऐवजी एकमेकींचे सूर खात होत्या आणि गुणगुण मात्र तशीच राहिली होती. चारही बॉबिनी एकाच रंगाच्या असल्याने कोणती कुठली हे ओळखू येईना. तेव्हापासून आम्ही बॉबिनच्या तळाला, जिथे कोणाची नजर जात नाही, पेन्सिलीने बाण काढतो.

गिटार सात महिन्यांनी गेली. त्या व्यवहारात आम्ही तोटा सोसला, पण उरलेल्या 496 बॉबिनींनी पुढचे धोरण ठरवले. दुसऱ्या कोणाकडे न मिळणारा रंग आपल्याकडे डबाभर आहे, हे आम्ही लोकांना सांगू लागलो, आणि लोक अबोलीसाठी आले नाहीत तरी "आमसुली जमेल का?", "चिंतामणी जमेल का?" असे विचारायला येऊ लागले. त्याच कारखानदारांकडून आजवर पाच रंग काढून घेतले. आज आमच्या कामातला निम्मा वाटा पिकअपचा आहे. अंदाजपत्रकात रंगाची ओळ आता सर्वांत आधी येते, लाकडाच्याही आधी, आणि तिच्यापुढे "नमुन्याप्रमाणे" असे लिहीत नाही. मान्य केलेल्या चकतीचा क्रमांक लिहितो आणि ती चकती दोघांच्या सहीने पाकिटात ठेवतो.

ती पहिली गिटार मागच्या वर्षी फ्रेटच्या कामासाठी आली होती. पिकअप पुसताना भागीदाराने पोलचा एक स्क्रू पूर्ण बाहेर काढला आणि मला हाक मारली. स्क्रूच्या डोक्याखाली अबोलीची एक बारीक गोल कडी होती, पहिल्या दिवसासारखी ताजी; भोवतालचा पृष्ठभाग उजेडाने एक छटा उतरला होता. आम्ही बाईंना ते भिंगातून दाखवले आणि नव्या बॉबिनींवर पिकअप पुन्हा गुंडाळून देऊ का, असे विचारले. त्यांनी बराच वेळ पाहिले, मग स्क्रू होता तसा बसवायला सांगितला. डब्यातल्या दोन जोड्या आम्ही त्यांच्या नावाने काळ्या कागदात गुंडाळून वेगळ्या ठेवल्या आहेत.