स्पॅनिश येतं, मग अडतं कुठे?

"तुम्हाला स्पॅनिश येतं ना? मग जुने कागद वाचायला वेगळं काय शिकावं लागतं?" घरचे विचारतात, विद्यार्थीही विचारतात. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

छापील मराठी घडाघडा वाचणाऱ्याच्या हाती मोडीतला कागद द्या. भाषा त्याचीच, पण पहिल्याच ओळीला गाडी अडते. मेक्सिकोच्या सोळाव्या-सतराव्या शतकातल्या कागदांचं तसंच. त्यांतल्या 'प्रोसेसाल' नावाच्या लिहिण्याच्या वळणात लेखणी सहसा उचलतच नाहीत, त्यामुळे शब्द कुठे संपला तेच कळत नाही. यामागे पैसाही होता. दस्त लिहिणाऱ्या एस्क्रिबानोंना मेहनताना पानांवर मिळे. अक्षर पसरट केलं की पानं वाढत. १५०३ मध्ये स्पेनची राणी इसाबेल हिने हुकूमच काढला: पानावर किमान ३५ ओळी, ओळीत १५ शब्द, आणि प्रोसेसाल नको. तरी ते वळण पुढे शंभर वर्षांहून जास्त चाललं.

त्यात संक्षेप. 'दिचो', म्हणजे आपला 'सदरहू', तीन अक्षरांत उरकतात आणि वर एक रेघ ओढतात. 'ब' आणि 'व' तर हाताला येईल तो.

मी सुरुवात नावापासून कधीच करत नाही. नावाला आगापिछा नसतो, तिथे अंदाज हमखास फसतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीतली वाक्यं मात्र ठरलेली असतात. ती आधी लावायची, त्यातून त्या पाद्र्याची अक्षरं वहीत उतरवायची, मग नावाकडे वळायचं.

हे मी चूक करूनच शिकले. एका नोंदीत नावापुढे 'चिको', म्हणजे 'लहान', असं वाचून मी पुढे गेले होते. महिन्याभराने त्याच पानावरचा 'पाद्रिनो' (धर्मपिता) नीट पाहिला. शेवटचं 'इनो' हुबेहूब तेच. शब्द 'चिनो' होता! त्या काळी मेक्सिकोत 'चिनो' म्हणजे केवळ चिनी नव्हे. मनिलाहून गलबतांनी मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरात आणलेला आशियातला कुणीही. त्यांत बंगाल, मलबारकडचे गुलामही असत. मेक्सिकोतल्याच पुएब्ला शहरात १६८८ मध्ये वारलेली कातारिना दे सान ख्वान हीसुद्धा भारतातूनच नेलेली, आणि तिलाही 'चिना' म्हणत.

माझ्या नोंदीतला माणूस नेमका कुठला, ते पाद्र्याने लिहिलेलं नाही. तो समुद्रापलीकडून आला होता हे सांगणारा तेवढा एकच शब्द त्या पानावर आहे, आणि तो मी पुसून टाकला होता.