एका खाड्याची वारी

आषाढी एकादशीला कोल्हापुरातून नंदवाळला पायी दिंडी जाते. मिरजकर तिकटीच्या विठ्ठल मंदिरापासून निघून साने गुरुजी वसाहत, पुईखडी, वाशी असा दहा-बारा किलोमीटरचा रस्ता चालत ती नंदवाळला पोहोचते. नंदवाळला आमच्याकडे प्रतिपंढरपूर म्हणतात. पंढरीला जाण्याआधी विठ्ठलाचा मुक्काम इथे होता, अशी या भागातली श्रद्धा आहे. माझे गाव राधानगरी रस्त्याकडेचे, भोगावतीकाठचे, म्हणजे घरातून निघाले तर नंदवाळ आधी आणि शहर नंतर. तरीही पहाटेच्या एसटीने शहरात जायचे आणि आल्या वाटेनेच टाळ वाजवत मागे फिरायचे, हा माझा जुना रिवाज आहे. "देव वाटंवरच हाय, वाशीतच उतरा की," असे बायको दरवर्षी म्हणते आणि दरवर्षी उपासाचा डबा भरून देते.

मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मोल्डिंगच्या, म्हणजे लोखंड ओतायचे साचे भरायच्या कामाला आहे. आळंदी-देहूच्या पालख्या ज्येष्ठ वद्यात निघतात आणि अठरा-वीस दिवस चालून पंढरपूरला पोहोचतात. इतके दिवस सुट्टी टाकली तर तेवढा पगार तर जातोच, पण परत आल्यावर आपली जागा आपलीच असेल, याचीही खात्री देता येत नाही. एक खाडा मात्र सोसतो. तोही फुकट मिळत नाही, कारण एका लाइनवरचे सगळे जण एकाच दिवशी गेले तर साचे कोण भरणार? म्हणून आमच्यात ठरलेले आहे की चैत्रात जोतिबाच्या यात्रेला मी कामावर थांबायचे आणि त्या बदल्यात एकादशी माझी.

वडिलांना तर तेवढेही जमले नाही. वारकऱ्याला वर्षात चार वाऱ्या सांगितल्या आहेत आणि आमच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्याच्या चारही कामांत अडकलेल्या असतात. आषाढीला पाऊस धो धो कोसळत असतो आणि भाताची रोपलावण गळ्याशी आलेली असते. तरवा, म्हणजे भाताची रोपे, वेळेवर उपटून लावला नाही तर पुढे फुटवा कमी येतो. कार्तिकीला भाताची सुगी असते. माघात ऊस तोडीला आलेला असतो आणि तोडणाऱ्यांची टोळी कधी येईल याचा नेम नसतो. चैत्रात उसाला पाण्याची पाळी चुकवता येत नाही. सावता महाराज मळा सोडून पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्या भेटीला अरणला आला, असे कीर्तनकार रंगून सांगायचे तेव्हा वडील हसून म्हणत, "सावता म्हाराजांच्या मळ्याला कारखान्याची तोड नव्हती." त्यांच्या बोलण्यात नास्तिकपणा नव्हता, नुसता हिशेब होता. शेतकऱ्याच्या भक्तीची गोष्ट सांगताना त्याच्या कामाचे वेळापत्रक कुणी सांगत नाही, असे मला आजही वाटते.

माझे बालपण उसाच्या पाल्यात आणि गुऱ्हाळावर गेले. तेव्हा आमचा ऊस कारखान्याला कमी आणि गुऱ्हाळाला जास्त जायचा. चुलवाणात चिपाडे ढकलणाऱ्या माणसाशेजारी बसून मी काहिलीतला रस उकळताना पाहत असे. रसात भेंडीचे पाणी पडले की मळी वर यायची, ती काढून टाकली की रस सोनेरी व्हायचा, आणि मग गुळव्या, म्हणजे गूळ शिजवणारा कारागीर, थोडासा पाक थंड पाण्यात टाकून बोटांत त्याची गोळी वळतो का ते पाहायचा. काहील उतरवायची वेळ त्या गोळीवर ठरायची. दहावीनंतर शेतातले उत्पन्न दोघा भावांना पुरेना म्हणून मी फौंड्रीत लागलो. तिथे भट्टीवाला वितळलेल्या लोखंडाचा पाचरीएवढा तुकडा ओतून, पाण्यात विझवून, हातोडीने फोडायचा आणि आतला पांढरा भाग किती आहे यावरून धातू जमला की नाही ते सांगायचा. गुळव्या इथेही आहे, एवढे पाहून माझा नवखेपणा बराच कमी झाला.

दिंडीत मी पताका धरत नाही, माळकरीही नाही. आमच्याकडे आषाढ दुहेरी असतो. एकादशीचा कडक उपास आणि त्याच महिन्यात त्र्यंबोलीच्या जत्रेचे मटण, दोन्ही एकाच घरात मनापासून होते आणि त्यात कुणाला विसंगती वाटत नाही. शहरात तालमी आणि मंडळे चहा, केळी, राजगिऱ्याचे लाडू वाटतात. साने गुरुजी वसाहत मागे पडली की मात्र वारा लागतो, पाऊस आडवा येतो आणि दोन अभंगांच्या मधल्या वेळेत बोलणे हमखास शेतावर येते. "पावणं, लावण उरकली का?" हा प्रश्न मला ओळख नसलेल्या माणसानेही विचारला आहे. कुणाच्या रानात टिलर रुतलेला असतो, कुणाला लावणीला बायका मिळत नसतात, कुणी मोबाइलवर पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी पाहत असतो. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे आकडे आमच्याकडे पोरासोरांनाही पाठ आहेत. २०२१ साली एकादशी २० जुलैला होती. कोरोनाच्या निर्बंधांमुळे चालायला मिळाले नाही, आणि त्याच आठवड्यात पंचगंगेला महापूर येऊन आमचा नदीकाठच्या मळीतला ऊस कुजला. त्या वर्षीचा विषय निघाला की लोक अजूनही चालता चालता थोडे गप्प होतात.

गेल्या दिंडीत माझ्या पुढे एक मावशी अनवाणी चालत होत्या. त्यांच्या टाचांना आणि बोटांच्या बेचक्यांना मेंदी लावलेली होती, ती नटण्यासाठी नव्हे, तर आठवडाभर रोपाच्या चिखलात उभे राहून चिखल्या झाल्या होत्या म्हणून. बेचक्यांतली कातडी पांढरी पडून फाटली होती आणि तिच्या कडेने मेंदीचा तांबडा रंग धरला होता. "मावशी, पायात काहीतरी घाला की," असे मी म्हणालो, तर त्या म्हणाल्या, "ह्यो डांबरी रस्ता बरा हाय बाबा, पाय वाळत्यात." मीही पायात काही घालत नाही, पण माझे कारण वेगळे आहे. वर्षभर जाड बुटांत कोंडलेल्या पायांना तेवढाच एक दिवस जमीन लागते. डाव्या पायाच्या पाठीवर लोखंडाचा थेंब उडून पडल्याचा डाग आहे, तिथे मात्र पावसाचा गारवा जाणवत नाही.

पुईखडीला रिंगण होते. माळावर गोल धरला जातो, पताकाधारी, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, विणेकरी आणि मृदंगवाले आपापल्या जागी उभे राहतात आणि अश्व सोडला की सगळ्यांचे श्वास त्याच्या टापांबरोबर पळतात. पंढरीच्या वाटेवर टापांखालची धूळ कपाळाला लावतात. इथे धूळ कुठली, चिखलच असतो. टापेच्या खळग्यात लगेच पाणी साचते. लोक वाकून त्या खळग्यात बोट बुडवतात आणि तोच चिखल कपाळाला लावतात. त्या मावशींनी कपाळाला लावून झाल्यावर मूठभर माती प्लास्टिकच्या पिशवीत बांधून घेतली. राहिलेल्या वाफ्यात टाकायची आहे, म्हणाल्या. मीही रुमालात थोडी घेतली, भावाला द्यायला; त्याची लावण अजून चालू होती आणि त्याला यायला जमले नव्हते.

नंदवाळला पोहोचेपर्यंत दर्शनाची रांग गावाबाहेर आलेली असते. आमच्यातले पुष्कळ जण कळसाला हात जोडून मागे फिरतात, कारण संध्याकाळी म्हशींची धार काढून दूध वेळेत डेअरीला घालायचे असते आणि दहा दिवसांचे बिल लिटर-फॅटवरच निघते. शहरातली मंडळी याला घाई म्हणतात. मीही त्या घाईतलाच आहे. कळसाला नमस्कार केला, बुक्क्याची पुडी घेतली आणि वाशीपर्यंत चालत येऊन मिळेल त्या वाहनाने घर गाठले. भावाने रुमालातली माती हातात घेऊन, काही न बोलता, उरलेल्या दोन वाफ्यांच्या तोंडाशी टाकली.

द्वादशीला माझी पहिली पाळी होती, त्यामुळे पारणे फौंड्रीतच सुटले. जेवणाच्या सुट्टीत डब्यातली पुरणपोळी सगळ्यांनी वाटून खाल्ली. माझ्या जागी साचे भरणाऱ्या सोबत्याने काळ्या वाळूचे हात पुसून कपाळ पुढे केले, मी त्याला बुक्का लावला. त्याने पोळीचा दुसरा तुकडा उचलला आणि येत्या चैत्रात त्याच्या गावची सासनकाठी जोतिबाला निघेल तेव्हा त्याला एक नव्हे, दोन दिवस लागणार आहेत, हे माझ्याकडून तिथेच कबूल करून घेतले.