आढाव्याच्या बैठकीआधीची तयारी: माझा अनुभव

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका शेतकरी उत्पादक कंपनीत मी व्यवस्थापक आहे. कर्मचारी मोजकेच: ग्रेडर म्हणजे मालाची प्रत तपासणारे भाऊ, काट्यावरचा माणूस, हिशेब पाहणाऱ्या ताई आणि गावोगाव फिरणारे दोघं. मागच्या वर्षी संचालक मंडळानं ठरवलं, प्रत्येकाच्या कामाचा आढावा समोरासमोर बसून घ्यायचा. ते काम माझ्याकडे आलं.

वेळ निवडली एप्रिलची. मृग जवळ आला की बियाणं-खताच्या धावपळीत कुणाला बसायला फुरसत नसते. बैठका सकाळीच ठेवल्या, कारण दुपारी टिनाच्या शेडमध्ये नीट ऐकून घेण्याइतका जीव कुणाच्याच अंगात राहत नाही.

आणखी एक गोष्ट आधीच मोकळी करावी लागली. आपल्याकडे पाडव्याच्या सुमारास सालगड्याचं साल ठरतं, त्यामुळे वर्षाच्या कामाबद्दल बोलायचं म्हटलं की माणूस पैशाचाच हिशेब मनात धरून येतो. मी सर्वांना सांगून टाकलं, पगारवाढीचं बोलणं वेगळ्या दिवशी, संचालकांसमोर होईल. इथं फक्त कामाबद्दल बोलू.

खरा वेळ गेला तो रजिस्टरं वाचण्यात, आणि तो जायलाच हवा. ग्रेडरभाऊंबद्दल गावांत नाराजी होती. तक्रारवहीत त्यांचं नाव सर्वांत जास्त वेळा होतं. म्हणून ती वही आणि खरेदीचं रजिस्टर शेजारी ठेवून तारखा जुळवत गेलो. २०२४ च्या खरिपात सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला दर त्याच्या बराच खाली, म्हणून आमच्या हमीभाव खरेदी केंद्रावर गर्दी. पण नियम जास्तीत जास्त १२ टक्के ओलाव्याचा, आणि परतीच्या पावसानं माल ओला. नोव्हेंबरच्या मध्यात केंद्र सरकारनं ही मर्यादा १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. तक्रारी जवळपास सगळ्या त्याच्या आधीच्या निघाल्या! म्हणजे भाऊ नियमाप्रमाणे माल थांबवत होते. त्यांनी तो घेतला असता, तर गोदामातून परत आला असता आणि भुर्दंड कंपनीवर, म्हणजे शेतकऱ्यांवरच पडला असता.

बैठकीत मी आधी हेच बोललो. ते म्हणाले, "मले वाटलं, तुमी निस्त्या तक्रारीच वाचून दाखवान." त्यानंतर पुढचं बोलणं सोपं गेलं. माल परत करताना ते आकडा तोंडी सांगत, लिहून देत नसत. दिवसभर रांगेत उभ्या राहिलेल्या शेतकऱ्याला कागद हवा असतो. ओलाव्याचा आकडा लिहिलेली चिठ्ठी द्यायची, असं आम्ही ठरवलं. त्यावर त्यांनीही मागणी केली: यंत्र एकच आहे, गर्दीत पुरत नाही. ती मागणी रास्त होती.

हिशेबाच्या ताईंच्या बाबतीत तारखांनीच मदत केली. फेब्रुवारीत तूर नोंदणीतली एक चूक सर्वांच्या लक्षात होती. पण सोयाबीनच्या वेळी नेटवर्क मिळेल तेव्हा, कधी रात्रीसुद्धा, त्यांनी सातबारे आणि पासबुकं चढवली होती, हे कुणाला आठवत नव्हतं. वर्षाचा आढावा असेल तर महिनावार टिपण हवं, नाहीतर शेवटच्या दोन महिन्यांवरच माणूस तोलला जातो. आता मी दर महिन्याला प्रत्येकाबद्दल चार ओळी लिहून ठेवतो.

प्रत्येकाला आठवडाभर आधी तीन प्रश्न दिले होते: काय जमलं, कुठं अडलं, कंपनीकडून काय पाहिजे. ताईंनी पानभर लिहून आणलं. गावोगाव फिरणाऱ्यांना लिहायचा कंटाळा, त्यांच्याशी गाडीवर जाता-जाता बोललो आणि टिपण मी केलं. सुधारणेची गोष्ट असेल तिथं तारीख आणि प्रसंग सांगायचा, स्वभावावर बोट ठेवायचं नाही, हे मी ठरवूनच बसलो होतो. 'तुम्ही लक्ष देत नाही' या वाक्याला कुणी काय उत्तर देणार? 'त्या मंगळवारी सभेचा निरोप गावात पोचला नव्हता' म्हटलं की कारण कळतं. त्या दिवशी त्यांची गाडीच बंद पडली होती.

शेवटी जे ठरलं ते एका कागदावर लिहून दोघांनी सह्या केल्या. त्यात कंपनीनं करायची कामंही लिहिली. दुसऱ्या ओलावामापक यंत्राचा ठराव मी पुढच्या संचालक सभेत मांडला आणि तो मंजूर झाला. आता मधली बैठक दिवाळीआधी, खरेदी सुरू होण्यापूर्वी घेतो.