डुकरे सगळीकडे, शिकारीची जागा कुठे?

टेक्सासमध्ये मोकाट रानडुकरांची संख्या २६ लाखांच्या आसपास असल्याचा अंदाज आहे आणि राज्याच्या २५४ पैकी २५३ काउंट्यांमध्ये त्यांचा वावर आहे. तरीही इथे स्थायिक झालेल्या, शिकारीची आवड असलेल्या आपल्या मंडळींकडून मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो : डुकराच्या शिकारीला जायचे तरी कुठे? प्रश्न रास्त आहे, कारण अडचण डुकरांच्या तुटवड्याची नाही, जमिनीच्या मालकीची आहे. या राज्यातील सुमारे ९५ टक्के जमीन खासगी आहे. त्यामुळे डुक्कर शोधण्याआधी ते ज्या जमिनीवर आहे तिचा मालक शोधावा लागतो, आणि बहुतेक नवखे शिकारी नेमके हेच उलट्या क्रमाने करतात.

ही डुकरे मूळची इथली नव्हेत. स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या हर्नांडो दे सोटो याने १५३९ मध्ये फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर माणसांबरोबर डुकरेही उतरवली. पुढे वसाहतकऱ्यांनी आपली पाळीव डुकरे पिढ्यान्‌पिढ्या रानात मोकळी चारली, आणि १९३०च्या दशकात टेक्सासमधील काही रँचमालकांनी शिकारीसाठी युरोपातील रानडुक्कर आणून सोडले. आज जे दिसते ते या सगळ्यांच्या संकरातून झालेले. म्हणूनच कायदा त्यांना हरणासारखा संरक्षित शिकारयोग्य प्राणी मानत नाही. त्यांच्यासाठी ठरावीक हंगाम नाही आणि किती मारावीत यावर मर्यादाही नाही.

परवान्याचा मुद्दा मात्र नीट समजून घ्यावा लागतो. १ सप्टेंबर २०१९ पासून टेक्सासमध्ये खासगी जमिनीवर, मालकाच्या संमतीने, मोकाट डुकराची शिकार करण्यासाठी शिकारीचा परवाना लागत नाही. हे वाचून आपल्यापैकी अनेक जण निर्धास्त होतात, आणि तिथेच घोटाळा होऊ शकतो. एच-१बी, एल-१ किंवा एफ-१ अशा तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या व्यक्तीला संघराज्याच्या कायद्यानुसार बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगण्याचीच मनाई आहे. या मनाईला जे मोजके अपवाद आहेत, त्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतील एखाद्या राज्याने रीतसर दिलेला शिकारीचा परवाना जवळ असणे. म्हणजे ज्या शिकारीसाठी राज्य परवाना मागत नाही, त्याच शिकारीसाठी व्हिसाधारकाने तो आवर्जून काढायला हवा, आणि तो मुदतीतला असायला हवा. बंदूक मित्राची असली तरी ती आपल्या हातात आली की ताबा आपलाच, ही गोष्टही लक्षात ठेवावी. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. ज्यांना या भानगडीतच पडायचे नाही त्यांनी धनुष्यबाणाचा विचार करावा. ते अवघड आहे. पण डुकराची दृष्टी अधू असते आणि वारा साधला तर फार जवळ जाता येते.

आता सार्वजनिक जमीन. टेक्सासच्या पूर्व भागातील राष्ट्रीय वने हा नवख्यासाठी सरळ मार्ग आहे. ह्यूस्टनच्या उत्तरेला असलेल्या सॅम ह्यूस्टन राष्ट्रीय वनाचे क्षेत्र सुमारे १,६३,००० एकर आहे, आणि त्याच्याही उत्तरेला डेव्ही क्रॉकेट राष्ट्रीय वन आहे. राज्याच्या वन्यजीव खात्यामार्फत शिकारीसाठी खुल्या असलेल्या अशा जमिनींवर शिकारीचा परवाना तर लागतोच, शिवाय ४८ डॉलरचा वार्षिक सार्वजनिक शिकार परवानाही घ्यावा लागतो. तो घेतला की खात्याची नकाशांची पुस्तिका उपलब्ध होते. तिच्यात प्रत्येक तुकड्याचे नियम वेगळे दिलेले असतात : कोणत्या काळात कोणते हत्यार चालेल, गाडी कुठवर नेता येईल, नोंदणी कुठे करायची. ही पुस्तिका कंटाळवाणी आहे, पण ती वाचल्याशिवाय घराबाहेर पडू नये, कारण डुकराला हंगाम नसला तरी त्या जमिनीला असतो. खासगी जमिनीवर चालणारी रात्रीची शिकार आणि आमिष टाकणे या दोन्ही गोष्टी तिथे चालत नाहीत, आणि अंगावर चमकदार नारिंगी कपडा असावाच लागतो.

सार्वजनिक वनात शिकाऱ्यांची वर्दळ फार असते आणि डुक्कर हा अतिशय हुशार प्राणी आहे. दोनचारदा बंदुकीचा आवाज ऐकला की कळप निशाचर होतो किंवा शेजारच्या खासगी जमिनीत सरकतो. त्यामुळे रस्त्यापासून जितके आत चालाल तितके बरे, हा सल्ला बरोबर असला तरी अपुरा आहे. नकाशावर ओढ्यांचे आणि नद्यांचे खोलगट काठ पाहावेत, त्यांतही जिथे पोहोचण्यासाठी पाणी किंवा दलदल ओलांडावी लागते असे भाग निवडावेत. बहुतेक माणसे बूट भिजेपर्यंतच जातात. माझ्या मते वनात जाण्याचा उत्तम काळ म्हणजे हरणांचा हंगाम संपल्यानंतरचे आठवडे, जेव्हा गर्दी ओसरलेली असते, झुडपांची पाने झडलेली असतात आणि डुकरे ओकच्या झाडांखाली पडलेली फळे हुंगत फिरत असतात.

खासगी जमिनीचा दरवाजा उघडणे हे खरे कौशल्याचे काम आहे. वर्तमानपत्रांत डुकरांच्या नुकसानीच्या बातम्या वाचून कोणालाही वाटेल की शेतकरी शिकाऱ्याची वाट पाहत बसला असेल. प्रत्यक्षात बहुतेक जण नकार देतात आणि त्याला सबळ कारण असते. बऱ्याच जमिनी हरणांच्या शिकारीसाठी भाडेपट्ट्याने दिलेल्या असतात. वर्षाचे हजारो डॉलर मोजणाऱ्या त्या भाडेकरूंना नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये रानात कोणी अनोळखी माणूस फिरलेला अजिबात खपत नाही. तेच मालक फेब्रुवारीत विचारल्यास ऐकून घेण्याच्या मनःस्थितीत असतात. त्यातही पीक पाहून विचारावे. भुईमूग, मका, भात आणि गवताची कुरणे असणाऱ्यांचे दुःख सर्वांत मोठे असते. मक्याची पेरणी झाल्यानंतरच्या रात्री डुक्कर ओळीच्या एका टोकाला नाक लावते आणि पंगतीत वाढपी पुढे सरकावा तसे एकेक दाणा उकरून खात दुसऱ्या टोकापर्यंत जाते. सकाळी शेतात सारख्या अंतरावर खड्ड्यांची सरळ रांग दिसते. अशी रांग पाहून आलेल्या शेतकऱ्याला त्याच आठवड्यात फोन गेला तर संभाषणाची सुरुवात आपल्याला करावी लागत नाही.

विचारायला जाताना दिवसाउजेडी, साध्या कपड्यांत आणि हत्याराविना जावे. आपले नाव, फोन नंबर, गाडीचा नंबर आणि सोबत कोण येणार हे कागदावर लिहून द्यावे. गुरे कुठे आहेत, कोणत्या दिशेला गोळी झाडायची नाही, हे आपणहून विचारावे. या एका प्रश्नाने जितका विश्वास मिळतो तितका भेटवस्तूंनी मिळत नाही, असे माझे निरीक्षण आहे. जमिनीवर पाहुण्याला इजा झाली तर आपण अडकू, ही भीती मालकांना असते. शिकारीसारख्या कारणांसाठी प्रवेश देणाऱ्या जमीनमालकांची जबाबदारी टेक्सासचा कायदा बरीच मर्यादित करतो, तरीही ते त्यांना वकिलासारखे समजावत बसू नये. संमती मिळाली तर ती लेखी घ्यावी आणि रात्री जाणार असाल तर त्या भागातील गेम वॉर्डनला, म्हणजे वन्यजीव कायदे राबवणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याला, आधी फोन करून ठेवावा, म्हणजे अपरात्री रानात प्रकाशझोत दिसल्याची तक्रार कोणी केलीच तर धावपळ होत नाही.

हद्दीबाबत निष्काळजीपणाला क्षमा नाही. जमिनीच्या सीमा आणि मालकांची नावे दाखवणारी मोबाइल अ‍ॅप्स आता सर्रास वापरली जातात आणि ती उपयोगी आहेतच, पण प्रत्यक्ष जागेवरच्या खुणा वाचता यायला हव्यात. टेक्सासमध्ये झाडावर किंवा खांबावर जांभळ्या रंगाचा उभा पट्टा दिसला तर तो ‘आत येऊ नये’ अशा पाटीइतकाच कायदेशीर असतो. हा पट्टा किमान आठ इंच लांब आणि एक इंच रुंद असतो, जमिनीपासून तीन ते पाच फूट उंचीवर असतो, आणि जंगलात दर शंभर फुटांच्या आत पुन्हा दिसतो. जखमी डुक्कर अशा पट्ट्यापलीकडे गेले तर शेजाऱ्याची परवानगी घेतल्याशिवाय पाऊल टाकता येत नाही.

पैसे भरून जाण्याचाही मार्ग आहेच. अनेक रँच दिवसाच्या हिशेबाने किंवा डुकरामागे दर ठरवून शिकार करू देतात. ठरवण्याआधी जनावरे आत कोंडून ठेवणारे उंच कुंपण आहे का, जखमी होऊन निसटलेल्या डुकराचे पैसे लागतात का आणि मांस साफ करून मिळते का, हे विचारून घ्यावे. मला स्वतःला अशा रँचवर डुकरांना ओढून आणणाऱ्या खाद्ययंत्रासमोर खुर्ची टाकून बसण्यात फारसा रस नाही.

जमीन मिळाली की मग तिच्यावर डुक्कर शोधायचे. सुरुवात पाण्यापासून करावी. डुकराच्या घामाच्या ग्रंथी जवळजवळ निकामी असतात, त्यामुळे उन्हाळ्यात त्याला चिखलाशिवाय गत्यंतर नसते, आणि दुपारी कळप पाण्यालगतच्या दाट जाळीत पडून राहतो. ओढ्याकाठी चिखलात लोळण्याची जागा सापडली की तिथले पाणी पाहावे. गढूळ असेल तर जनावर नुकतेच उठून गेले आहे. वर नितळ थर आला असेल तर बराच वेळ झाला आहे. आसपासच्या झाडांच्या बुंध्यांवर आणि विजेच्या खांबांवर चिखलाचे लेप दिसतात, कारण लोळून झाल्यावर डुक्कर अंग घासते. क्रिओसोट हे उग्र वासाचे तेल पाजलेले लाकडी खांब त्याला विशेष प्रिय असतात. लेपाची उंची पाहून जनावर केवढे आहे याचा अंदाज येतो.

कुंपणाची खालची तार हे दुसरे वाचनीय पान. डुकरे नेहमी ठरावीक फटीतूनच ये-जा करतात, त्यामुळे तिथली माती गुळगुळीत होते आणि तारेच्या काट्यांना केस अडकून राहतात. हा केस बोटांत धरून पाहावा : तो राठ असतो आणि त्याचा शेंडा दुभंगलेला असतो. त्यावरून तो हरणाचा नाही हे तत्काळ कळते. खुराचा ठसाही हरणापेक्षा रुंद आणि पुढून बोथट असतो. उकरलेल्या जमिनीची ढेकळे खालून ओली आणि काळी असतील, तुटलेली मुळे अजून पांढरी असतील, तर काम काल रात्रीचे आहे. ढेकळांवर पावसाच्या थेंबांच्या खळग्या पडल्या असतील तर तो कळप दुसरीकडे गेला असे समजावे. एवढे सगळे जुळून आले तरी वारा पाठीवरून जनावराकडे वाहत असेल तर मी त्या जागेजवळ जात नाही. डुकराचे नाक फसत नाही, आणि एकदा वास लागला की ती जागा कित्येक दिवस वाया जाते.

या सगळ्याला एक दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर चित्र अर्धवट राहील. सगळीच राज्ये शिकाऱ्यांचे स्वागत करत नाहीत. कॅन्ससने २००६ मध्येच हौशी शिकाऱ्यांना मोकाट डुकरांची शिकार बंद केली. मिसूरीच्या संवर्धन खात्याने २०१६ पासून आपल्या जमिनींवर तिला मनाई केली. याउलट टेनेसीने १९९९ मध्ये राज्यभर अनिर्बंध शिकार खुली केली, तर पूर्वी मोजक्या काउंट्यांत असलेली डुकरे पुढच्या दशकभरात राज्याच्या कितीतरी मोठ्या भागात पसरली, कारण शिकारीच्या हौसेपायी लोकांनी ती गाडीत घालून नव्या ठिकाणी नेऊन सोडली. शेवटी २०११ मध्ये टेनेसीने हे धोरण मागे घेतले. मादी वयाच्या सहा-आठ महिन्यांतच माजावर येऊ शकते आणि तिचा गर्भकाळ साधारण ११५ दिवसांचा असतो; संख्या जागच्या जागी राखायची तरी वर्षाला सुमारे दोन तृतीयांश डुकरे कमी व्हावी लागतात. बंदुकीने ते साधत नाही. कळपातली एक-दोन मारली की उरलेली सावध होऊन पांगतात, आणि सापळा लावून अख्खा कळप एकदम पकडण्याची संधी हातची जाते.

त्यामुळे मालकाने सापळा मांडला असेल तर मी तिथे बंदूक घेऊन जाण्याचा आग्रह धरत नाही. सापळ्याभोवती मक्याच्या आमिषाची कळपाला सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि त्या काळात एक गोळी झाडली तरी मालकाची सगळी मेहनत फुकट जाते. सापळ्याचे फाटक पडून कळप आत अडकल्यानंतर मात्र एखाददुसरे थोराड एकांडे डुक्कर बहुधा बाहेरच राहिलेले असते, ते पुन्हा सापळ्याकडे फिरकत नाही, आणि अशा वेळी मालक स्वतःच फोन करून कधी येता असे विचारतो.