लेकीच्या एअर रायफलसाठी हवा भरायचा कॉम्प्रेसर घेतला, त्याचा माझा अनुभव

आम्ही कामोठ्याला राहतो. २०२४ ला पॅरिसमध्ये स्वप्नील कुसाळेने ब्रॉंझ मिळवलं ते घरात सगळ्यांनी मिळून बघितलं आणि त्याच महिन्यात लेकीने नेमबाजीचा हट्ट धरला. त्याचा इव्हेंट पन्नास मीटर थ्री पोझिशनचा, हिची दहा मीटर एअर रायफल, पण सुरुवात तिथूनच. आधी क्लबची रायफल वापरली, मग एका सीनियर मुलाची सेकंडहँड जर्मन रायफल घेतली. ती घेतली म्हणजे झालं असं मला वाटलं होतं, हवेचा विचारच केला नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. या रायफलला नळीच्या खाली एक छोटा सिलिंडर असतो, त्यात २०० बार दाबाची हवा भरायची आणि प्रत्येक शॉटला त्यातली चिमूटभर हवा पेलेटला, म्हणजे छोट्या गोळीला, ढकलते. २०० बार म्हणजे साधारण २९०० पीएसआय. आपल्या गाडीच्या टायरमध्ये ३२-३३ पीएसआय असतात, त्यावरून अंदाज करा. पंक्चरवाल्याकडे भरून मिळेल का असं मला किमान दहा जणांनी विचारलंय, तर नाही मिळत, त्याची टाकी ८-१० बारच्या पुढे जात नाही.

क्लबमध्ये मोठा कॉम्प्रेसर होता त्यामुळे वर्षभर प्रश्न आला नाही. जूनमध्ये तो बंद पडला, दुरुस्तीला गेला तो पाच आठवडे परत आलाच नाही, आणि समोर स्पर्धा. मग एका पालकांकडून हँडपंप आणला. दिसायला सायकलच्या पंपासारखाच, पहिले शंभर बार ठीक जातात, दीडशेच्या पुढे मात्र अख्खं वजन टाकावं लागतं. लेक बेचाळीस किलोची, तिच्याने तो खाली जाईचना, मग मी आणि हे आळीपाळीने मारायचो आणि मध्ये थांबायचो कारण पंप तापून हात भाजायचा. एकदा आम्ही दोघंही घरी नव्हतो तेव्हा तिने एकटीने लटकून लटकून कसातरी भरला आणि लगेच सरावाला गेली, त्या दिवशी हात इतके थरथरत होते की कोचनी तिला बसवूनच ठेवलं. ज्या खेळात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो तिथे हे चालणारच नाही. त्या रात्री ठरवलं की कॉम्प्रेसर घ्यायचा.

आता इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. आमच्या सोसायटीतल्या एका काकांनी अगदी चांगल्या मनाने सुचवलं की कळंबोलीला वेल्डिंगवाल्यांकडे ऑक्सिजनच्या बाटल्या असतात, त्यात दीडशे बार असतात, तिथून भरून घ्या. मी दादाला फोन करून सहज विचारलं (माझा मोठा भाऊ, तुर्भ्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे) तर तो इतक्या जोरात ओरडला की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. "अगं वेडी झालीस का, शुद्ध ऑक्सिजन आणि तेलाचा एक थेंब एवढ्या दाबाला एकत्र आले की काडी लागत नाही पेटायला, स्फोट होतो स्फोट!" रायफलच्या ओ-रिंगला (हवा गळू नये म्हणून असलेली रबरी कडी) ग्रीस असतंच, त्यामुळे ऑक्सिजन कधीच नाही. फक्त साधी, कोरडी, गाळलेली हवा. कुणी कितीही सोपं म्हणून सांगितलं तरी हे करू नका.

दुसरा पर्याय स्कूबाची मोठी बाटली, ती भरून आणायची आणि तिच्यातून रायफल भरायची. ऐकायला छान, पण बाटलीत २०० बार असतात आणि प्रत्येक भरणीला ते कमी होत जातात, म्हणजे पहिल्या एकदोन वेळा रायफल १९०-१९५ पर्यंत जाते, मग १८०, मग १६०. शिवाय ती जड बाटली सारखी भरून आणायची कुठून आणि तिसऱ्या मजल्यावर चढवायची कुणी. सोडून दिलं.

मग राहिले दोन प्रकार. एक मोठा २२० व्होल्टचा, साधारण १८०० वॉटचा, ज्याला थंड करायला शेजारी बादलीत पाणी आणि त्यात छोटा पंप सोडावा लागतो, तेलही घालावं लागतं. दुसरा हातात धरून नेता येईल असा १२ व्होल्टचा, घरात अडॅप्टरवर आणि बाहेर गाडीच्या बॅटरीवर चालणारा. मोठा दणकट असतो यात वाद नाही, क्लबला किंवा चारपाच रायफली असतील तर तोच बरा, पण फ्लॅटमध्ये तो आवाज, ती बादली, ते तेल, आणि स्पर्धेला जाताना तो न्यायचा कसा. एका रायफलच्या दोनशे मिलीच्या सिलिंडरसाठी छोटा पुरे झाला असं दादाचंही मत पडलं.

आणि मी घाई केली. ऑनलाइन बघितलं, ३०० बार लिहिलेलं, फोटो छान, किंमत बाकीच्यांपेक्षा सात हजारांनी कमी, मागवला. पहिला आठवडा सगळे खूश. तिसऱ्या आठवड्यात तो दीडशेच्या पुढे जाईना, नुसता घरघरायचा, डोकं इतकं तापायचं की जवळ हात नेववत नव्हता. विकणाऱ्याला सहा मेसेज केले, एकाचंही उत्तर नाही. दादाने उघडला तर पिस्टनची सील जळून चुरा झालेली, आणि तसली सील सुटी मिळतच नाही.

पैसे गेले ते गेले, त्याहून मोठं दुःख वेगळंच होतं. लेकीचा ग्रुप, म्हणजे टार्गेटवर गोळ्या लागतात तो पुंजका, पसरायला लागला होता. ती म्हणायची "आई मी काही वेगळं करत नाहीये गं", आणि मला वाटायचं अभ्यासाचं टेन्शन असेल. शेवटी कोचनी रायफल सर्व्हिसला पाठवायला सांगितली, तिथल्या माणसाने सिलिंडर काढून टिश्यू पेपरवर उलटा केला आणि पेपर ओला झाला. आत पाणी! मला रडूच आलं, कारण दोन आठवडे मी तिलाच एकाग्रतेवर लेक्चर देत होते.

हे पाणी आलं कुठून ते दादाने मला वहीवर हिशेब करून दाखवलं, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडे पावसाळ्यात तीस डिग्रीला एक घनमीटर हवेत पंचवीस-सव्वीस ग्रॅम पाण्याची वाफ असते. दोनशे मिलीचा सिलिंडर २०० बारपर्यंत भरायचा म्हणजे बाहेरची चाळीस लिटर हवा आत दाबायची. त्या चाळीस लिटरमध्ये एक ग्रॅम पाणी, म्हणजे वीसेक थेंब, आणि एवढ्या छोट्या जागेत ते वाफ म्हणून राहूच शकत नाही, जवळपास सगळं पाणी होऊन बसतं. एका भरणीला वीस थेंब! आता हे पाणी पंपाच्या (म्हणजे या छोट्या कॉम्प्रेसरच्या) फिल्टरमध्ये अडायला हवं, पण पंप तापलेला असेल तर हवा गरमच पुढे जाते, गरम हवेतलं पाणी वाफच राहतं, फिल्टरमधून सरळ निघून जातं आणि थंड सिलिंडरमध्ये जाऊन थेंब होतं. म्हणजे पंप तापणं आणि रायफलमध्ये पाणी जाणं हा एकच आजार आहे. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर. दुकानात सगळे एकच विचारतात, किती बार देतो? ३०० बार तर सगळ्यांवरच छापलेलं असतं. विचारायचं हे की हवा थंड कुठे होते आणि पाणी बाहेर कुठून काढायचं.

दुसऱ्या वेळी मी ऑनलाइन घेतलाच नाही. ठाण्याला नौपाड्यात एक जण असले पंप विकतात असं कळलं, रविवारी दादाला घेऊन गेले, रायफलचा सिलिंडर आणि तो पंपाला जोडायचा अडॅप्टर सोबत. त्यांना सरळ सांगितलं की दोनदा लागोपाठ चालवून दाखवा. पहिल्यांदा सगळेच पंप चांगले वाटतात, दुसऱ्या वेळी तापल्यावर खरं कळतं. त्या भल्या माणसाने कटकट न करता तीन वेगवेगळे पंप चालवले. एक दुसऱ्या फेरीला १७० नंतर अगदीच मंदावला. एकाला पाणी काढायचा वेगळा स्क्रूच नव्हता, म्हणजे फिल्टर उघडूनच पुसायचा, ते रोज कोण करणार. तिसऱ्याला आत छोटी पाण्याची टाकी आणि फिरतं पाणी होतं, तापमान दाखवणारा आकडा, ठरावीक गरम झाला की आपोआप बंद, खाली ड्रेन स्क्रू. चालू असताना त्यांनी तो जरा सैल केला तर फस्स करून ओला फवारा उडाला. दादा हसला, म्हणाला "हे बघ, हे पाणी रायफलमध्ये नाही गेलं."

त्याच्या सीलचं किट त्यांच्याकडे सुटं होतं, मी दोन किट तिथेच घेतली. अॅलन कीने हेड उघडून सील कशी बदलायची तेही दाखवायला लावलं आणि व्हिडिओ काढून घेतला. विजेचा अडॅप्टर पंपाच्या आत नसून वेगळा आहे हेही मला बरं वाटलं, उद्या जळला तर फक्त तोच बदलता येईल. सोबत बाहेरून लावायचा वेगळा फिल्टर घेतला, त्यात आधी कापूस आणि मग ओल शोषणारे दाणे. हा सगळा खर्च पहिल्या पंपाच्या जवळपास दुप्पट झाला, पण हेच आधी केलं असतं तर पहिल्याचे पैसे वाचले असते.

एक धोका मात्र दुकानदारांनी स्वतःहून सांगितला आणि तो फार महत्त्वाचा आहे. पंप ३०० बारपर्यंत जातो, आपल्या सिलिंडरवर कमाल २०० कोरलेलं असतं. पंपावर जास्त दाबाला फुटणारी सेफ्टी डिस्क असते पण ती पंपाच्या मापाची, ती आपला २०० चा सिलिंडर वाचवणार नाही. ऑटो स्टॉप १९५ ला लावायचा आणि तरीही समोरून उठायचं नाही. फोन आला तर पंप बंद करून घ्यायचा. पाइप काढायच्या आधी ब्लीड (पाइपातली हवा सोडायचा स्क्रू) उघडून गेज शून्यावर आलंय ते बघायचं, मगच हात लावायचा. लेकीला मी एकटीला अजून भरू देत नाही.

गाडीवर चालवायचं म्हटलं तर पहिल्याच वेळी ह्यांनी लायटर सॉकेटला वायर लावली आणि फ्यूज उडाला. साहजिक आहे, ३०० वॉट १२ व्होल्टला म्हणजे पंचवीस अँपिअर आणि त्या सॉकेटचा फ्यूज बहुतेक गाड्यांना १० ते २० चा असतो. आता बॉनेट उघडून सरळ बॅटरीला चिमटे लावतो, इंजिन चालू ठेवून.

घरी आता मी भरते ते बेडरूममध्ये, एसी अर्धा तास आधी लावून. हे माझं स्वतःचं डोकं आहे आणि याचा मला खरंच आनंद आहे. एसीच्या खोलीत चोवीस डिग्रीला हवेतलं पाणी बाहेरच्या पावसाळी हवेच्या निम्म्याहून कमी असतं, मग पंपावरचा भार आधीच निम्मा. दादाने पण मान्य केलं. खाली जुनी रबरी मॅट घालते कारण खालच्या मजल्यावरच्या आजी दुपारी झोपतात, म्हणून वेळही संध्याकाळी सातचीच. दर दीडदोन मिनिटांनी ड्रेन सैल करायचा, १५० ला थांबायचं, पाचेक मिनिटं निवू द्यायचं, मग १९५. भरल्यावर आकडा उतरतो त्याने घाबरू नका, सिलिंडर पन्नास डिग्रीला २०० दाखवत असेल तर तिशीला आल्यावर तो १८७ च्या आसपास येतो, ती गळती नाही. उतरला म्हणून लगेच घाईने वर भरत बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. तेव्हाही तेवढाच असेल तर ठीक, अजून खाली गेला असेल तर ओ-रिंग बघायची. ओ-रिंगला फक्त सिलिकॉन ग्रीस, घरातलं मशीनचं तेल अजिबात नाही.

तारीख, किती बारवरून किती, किती मिनिटं, सगळं वहीत लिहिते. चार महिने झाले, अठ्ठ्याऐंशी भरण्या, एक सील बदलली ती मी आणि लेकीने मिळून व्हिडिओ बघून. दाणे रंग बदलले की बदलते, पावसाळ्यात दर आठ-दहा दिवसांनी लागले, आता ऑक्टोबरनंतर बरेच टिकतात. महिन्यातून एकदा टिश्यू पेपरची टेस्ट करते, कोरडा.

ही वही लिहायला लागले म्हणूनच सिलिंडरवरचे सगळे आकडे नीट वाचले आणि त्यात बनवल्याची तारीख सापडली. या सिलिंडरचं आयुष्य कंपनीने दहा वर्षं दिलंय, स्पर्धेत मुदत संपलेला सिलिंडर चालत नाही आणि ती बघण्याची जबाबदारी खेळाडूचीच असते. आमच्याकडच्याला चौदा महिने उरलेत. सेकंडहँड रायफल घेताना हे मी विचारलंच नव्हतं, विकणाऱ्यांनीही सांगितलं नाही. तुम्ही घेत असाल तर आधी ती तारीख बघा आणि तेवढे पैसे किमतीतून कमी करून घ्या. नवा सिलिंडर बाहेरून मागवावा लागतो, यायला वेळ लागतो, म्हणून या महिन्यापासून त्याचे पैसे मी वेगळे काढायला सुरुवात केली आहे.